उकियो-ए, म्हणजे जपानी लाकडी ठशांची छापचित्रं, कलेच्या इतिहासात नेमकी कुठे बसतात?

रेघोटी

जगाच्या कलेचा इतिहास सांगणारं कुठलंही जाडजूड पुस्तक उघडा. जपान बहुतेक वेळा एकाच ठिकाणी भेटतो : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, तोही पॅरिसमध्ये. मोने, देगा, व्हॅन गॉग यांच्या प्रकरणात अर्धं पान ‘जपानी प्रभाव’, शेजारी होकुसाईच्या छापचित्रातली ती गाजलेली लाट, आणि तिथेच जपान संपतो. जणू एदोतल्या (म्हणजे आजच्या टोकियोतल्या) छापखान्यांनी दीडशे वर्षं काम केलं ते युरोपला सपाट रंग आणि कापलेल्या चौकटी शिकवण्यासाठीच!

माझं म्हणणं असं की हे चित्र बनतं कसं, ते समजल्याशिवाय त्याचं स्थान ठरवता येत नाही. उकियो-ए ही एका माणसाची कला नाही. प्रकाशक पैसे घालतो आणि विषय ठरवतो, चित्रकार रेखाटतो, कोरक्या कोरतो, छापणारा रंग चढवतो. पुस्तकात नाव मात्र एकट्या होकुसाईचं किंवा हिरोशिगेचं येतं. ‘एकटा प्रतिभावंत’ या मापानं मोजलं की हे सगळं काम आपोआप दुय्यम ठरतं, आणि मग ‘प्रभाव’ एवढीच जागा त्याला उरते.

इथे मुद्राचित्रण करणारे आणि शिकवणारे बरेच जण आहेत. तुम्ही हे कुठे ठेवाल? आणि का?

निळावंती

विषय काढलात ते फार बरं झालं. प्रभाव एकाच दिशेनं गेला हे गृहीतकच आधी सोडायला हवं.

ज्या लाटेला आपण अस्सल जपानी म्हणतो, तिचा निळा रंग बर्लिनचा. प्रशियन निळा तिथे अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात तयार झाला. नागासाकी बंदरातून तो जपानात यायचा, पण आधी महाग होता. १८३०च्या सुमारास स्वस्त झाला आणि प्रकाशकांनी उचलून धरला. प्रकाशक निशिमुराया योहाचीनं होकुसाईची फुजी पर्वताची ३६ दृश्यं (ती ‘लाट’ त्यांतलीच) काढली ती याच रंगाच्या जोरावर. (विक्री इतकी चांगली झाली की पुढे आणखी १० जोडली, म्हणजे एकूण ४६.) मालिकेतल्या सुरुवातीच्या चित्रांत बाह्यरेषासुद्धा काळ्या नाहीत, निळ्या आहेत.

त्याआधी निळ्यासाठी दोनच गोष्टी हाताशी होत्या. एक नीळ. ती खळीत दाट बसते, पण पातळ छटा उतरताना मळकट होते. दुसरा त्सुयुकुसा या फुलाचा रस. आपल्याकडे पावसाळ्यात उगवणाऱ्या केना या रोपाच्या कुळातलंच ते फूल. रंग सुंदर, पण पाण्याचा थेंब पडला तरी पळतो आणि उजेडात उडून जातो. अठराव्या शतकातल्या चित्रांतलं आभाळ आज भुरकट दिसतं त्याचं एक मोठं कारण हेच. प्रशियन निळ्यानं पहिल्यांदा अशी सोय झाली की एकाच रंगातून जवळजवळ काळ्यापासून अगदी विरळ छटेपर्यंत उतरता येतं आणि रंग टिकतो. हिरोशिगेचे पाऊस, संध्याकाळी, नद्या या रंगाशिवाय झाल्याच नसत्या.

शाईचा डाग

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न : इतके रंग एकावर एक छापताना एकही रेघ हलत नाही, हे बिनयंत्राचं जमायचं कसं?

ठसेकर

@शाईचा डाग, प्रश्न बाळबोध नाही, सगळी विद्या तिथेच आहे. जरा सविस्तर लिहितो.

लाकूड रानचेरीचं, झाडाच्या उभ्या रेषेत कापलेल्या फळीचं. चित्रकार पातळ कागदावर फक्त काळ्या रेघांचं रेखाटन देतो. तो कागद खळीनं फळीवर उलटा चिकटवतात, पाठीमागचे तंतू बोटांनी चोळून काढतात आणि थोडं तेल लावतात, म्हणजे रेघा आरपार दिसतात. मग प्रत्येक रेघेच्या दोन्ही अंगांनी सुरी चालते. सुरी सरळ खाली घालायची नसते. पातं बाहेरच्या बाजूला कलतं, म्हणजे रेघ वर बारीक आणि बुडाशी रुंद राहते, शेकडो प्रती निघाल्या तरी मोडत नाही. कपाळावरचे केस मुख्य कारागीर कोरायचा, मोकळी जागा साफ करण्याचं काम शिकाऊ पोरांकडे. मूळ रेखाटन या कामात नष्ट होतं.

आता जुळवणीकडे. याच मुख्य, म्हणजे काळ्या रेघांच्या ठशावर, चित्राच्या बाहेर, दोन खुणा कोरलेल्या असतात. छापणाऱ्याच्या उजव्या हाताला कोपऱ्यात काटकोनी खूण, आणि त्याच कडेवर डावीकडे एक सरळ खूण. दोन्ही मिळून केंतो. खोली कागदाच्या जाडीहून किंचित जास्त. कागदाचा कोपरा काटकोनात टेकवायचा, कड सरळ खुणेला लावायची, मग कागद खाली सोडायचा. मुख्य ठशाच्या काळ्या प्रती काढतात तेव्हा या खुणाही छापल्या जातात. चित्रकार एकेका प्रतीवर एकेक रंगाची जागा दाखवतो, त्या प्रती नव्या फळ्यांवर चिकटवून रंगांचे ठसे कोरतात. त्यामुळे केंतो प्रत्येक ठशावर आपसूक त्याच जागी येतो.

चूक बहुधा इथेच होते. प्रत चिकटवताना खळ कागदाला लावली की कागद भिजून पसरतो आणि रंगाचा ठसा मूळ रेघेपेक्षा एखादा मिलिमीटर मोठा कोरला जातो. पुढे कितीही जपून छापा, कडेला पांढरी फट किंवा रंगाचा ओघळ दिसतोच. खळ नेहमी फळीला लावायची, तीही हाताच्या तळव्यानं अगदी पातळ पसरवून, आणि कागद कोरडाच ठेवायचा.

दुसरं कारण छापतानाचं. कागद दमट असतो. काम चालू असताना तो वाळत गेला तर आकसतो आणि दहाव्या ठशापर्यंत जुळवणी सरकते. म्हणून गठ्ठा सारखा झाकून ठेवायचा, एकेकच कागद बाहेर काढायचा.

भिंगवाला

उत्तम प्रतिसाद. एक भर : केंतो नंतर सुताराच्या पाचरीनं दुरुस्त करता येतो. खुणेची कड छिलून बारीक पाचर बसवली की ठसा अर्धा मिलिमीटर हलवल्यासारखा होतो. जुन्या फळ्यांवर अशा दुरुस्त्या दिसतात.

कुंचलेवाला

माझा थोडा विरोध नोंदवतो. धाग्याचं शीर्षक कलेच्या इतिहासातल्या स्थानाबद्दल आहे आणि आपण पुन्हा छापचित्रांतच अडकलो. ज्या पुस्तकांवर रेघोटी नाराज आहेत, त्यांची खोडही हीच आहे : जपान म्हणजे उकियो-ए. प्रत्यक्ष जपानात ही बाजारची वस्तू होती, नूडल्सच्या एकदोन वाडग्यांच्या किमतीला मिळायची. थोर कला म्हणून मान होता तो सेश्शूच्या शाईचित्रांना, कानो घराण्याच्या सोनेरी पडद्यांना, ओगाता कोरिनच्या आयरिस फुलांच्या पडद्यांना.

आणि शिल्प? ब्योदोइन मंदिरातला जोचो या शिल्पकारानं घडवलेला अमिताभ बुद्ध १०५३चा, सुमारे पावणेतीन मीटर उंच, बसलेला. एका ओंडक्याचा नाही. अनेक तुकडे आतून पोखरून जोडलेले आहेत. अखंड लाकूड वाळताना गाभ्यापासून बाहेर तडकतं. पोखरलं की गाभा जातो, भिंत सगळीकडे सारखी जाड राहते आणि तडा टळतो. शिवाय कामाची वाटणी होते, मोठी मूर्ती कमी वेळात उभी राहते. या तंत्राला सामान्य पुस्तकात एक ओळसुद्धा मिळत नाही.

रेघोटी

@कुंचलेवाला, अर्धं मान्य. पण तुम्हीच दिलेल्या उदाहरणात माझा मुद्दा बळकट होतोय. जोचोची कार्यशाळा आणि एदोचा छापखाना, दोन्हीकडे काम वाटून घेण्याची पद्धत हीच कलेची रचना आहे. ‘बाजारची वस्तू’ म्हणून छापचित्र खाली का ढकलायचं? त्सुताया जुझाबुरो या प्रकाशकानं १७९४ मध्ये शाराकू नावाच्या, त्याआधी कुणालाही ठाऊक नसलेल्या चित्रकाराचे नटांचे मोठमोठे चेहरे एकदम बाजारात आणले. मागे काळसर अभ्रकाची चमक. अभ्रक महाग आणि वेळखाऊ. दहाएक महिन्यांत शाराकू गायब झाला. बाजार होता म्हणून तर हा धोका कुणीतरी पत्करला.

शाईचा डाग

अभ्रक छापतात कसं? शाईत मिसळून?

ठसेकर

नुसतं मिसळून चमक मरते. एक रीत अशी : आधी त्या जागेवर सरसाचा किंवा खळीचा ठसा उमटवायचा आणि ओला असतानाच अभ्रकाची पूड भुरभुरायची. वाळल्यावर मऊ कुंच्यानं जास्तीची झटकायची. दुसऱ्या रीतीत अभ्रक सरसात कालवून, बाकीचं चित्र झाकणारा साचा ठेवून, कुंच्यानं लावतात. सरस कमी पडला तर काही वर्षांत अभ्रक गळतो. आज संग्रहालयांतल्या बऱ्याच प्रतींवर तो ठिकठिकाणी उडालेला दिसतो.

लेणीप्रेमी

अवांतर वाटेल, पण जपानी कलेचा महाराष्ट्राशी एक खरा धागा आहे. जपानच्या नारा शहराजवळच्या होर्यूजी मंदिरातली भित्तिचित्रं आणि अजिंठ्याची चित्रं यांच्यातलं साम्य जपानी अभ्यासकांना फार आधीपासून जाणवत होतं. चित्रकार अराई काम्पो भारतात आला, कलकत्त्याला त्यानं शाईचं तंत्र शिकवलं, आणि १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याचं काम केलं. त्या प्रतिकृती टोकियोच्या विद्यापीठात होत्या आणि १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेल्या. पुढे होर्यूजीच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींचं कामही काम्पोनं केलं. मूळ होर्यूजी चित्रं २६ जानेवारी १९४९ ला आगीत करपली. त्या धक्क्यातून जपाननं १९५० मध्ये सांस्कृतिक ठेव्याच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि २६ जानेवारी हा तिथे वारशाच्या अग्निसुरक्षेचा दिवस पाळतात.

इतिहासाच्या पुस्तकात जपान पॅरिसच्या आधी यायचा असेल तर या रस्त्यानं यावा : अजिंठा, मध्य आशिया, चीन, नारा.

निळावंती

लेणीप्रेमी, जोरदार अनुमोदन! आणखी एक : योशिदा हिरोशी हा विसाव्या शतकातला छापचित्रकार १९३०-३१ मध्ये भारतात फिरला आणि ताजमहाल, फत्तेपूर सिक्री वगैरेंची छापचित्रं केली. सिक्रीच्या चित्रात दगडी जाळीतून येणारा पिवळा उजेड आहे. तो एका छापात येत नाही, पारदर्शक रंगाचे थर एकावर एक चढवून येतो. योशिदा तीस-चाळीस छापांपर्यंत सहज जायचा.

भिंगवाला

मूळ प्रश्नाला माझ्या बाजूनं उत्तर. रंगीत ठसे जपाननं शोधले असं बरेच लोक मानतात. तसं नाही. युरोपात १५१० च्या आधीच जर्मन कारागीर दोन-तीन ठशांनी छायाप्रकाशाचे वुडकट (लाकडी ठशांची चित्रं) काढत होते, नंतर इटलीत उगो दा कार्पी. चीनमध्ये हू झेंगयाननं १६३३ मध्ये ‘दशवेणू’ चित्रसंग्रह अनेक रंगांत छापला. जपान उशिराच आला : आधी फक्त काळी शाई, मग हातानं रंग भरणं, १७४० च्या दशकात गुलाबी-हिरवे दोन-तीन ठसे, आणि १७६५ मध्ये सुझुकी हारुनोबूच्या काळात पूर्ण रंग. निमित्त काय, तर हौशी श्रीमंतांची एकमेकांना द्यायची सचित्र दिनदर्शिका! त्यांनी पैसा ओतला, चांगला जाड कागद परवडला, म्हणून दहा ठसे सोसणारं छापचित्र जन्माला आलं.

मग जपानचं वेगळेपण कशात? माझ्या मते तीन गोष्टी एकत्र आल्या : पाण्यातला रंग, कोझो या तुतीच्या कुळातल्या झुडपाच्या लांब तंतूंचा कागद आणि हाताचा दाब. युरोपचा तेलकट रंग कागदावर बसतो. इथे रंग कागदाच्या आत मुरतो. भिंगाखाली फरक लगेच कळतो.

शाईचा डाग

हे घरी करून बघायचं तर? चेरी तर मिळणार नाही.

ठसेकर

लाकूड : सागवान टाळा. कापडाच्या ठशांना उत्तम, पण त्याची छिद्रं मोठी, सपाट रंगात ठिपके उठतात. हळदूसारखं बारीक पोताचं लाकूड चांगलं. एमडीएफ नको, पाण्यानं कडा फुगतात. लिनोलियमवर पाण्याचा रंग थेंबाथेंबानं गोळा होतो, म्हणून तेही नको.

कागद : लांब तंतूंचा हवा. त्याला सरस-तुरटीचं पाणी दिलेलं हवं, ज्याला ते दोसा म्हणतात. एक लिटर पाण्याला साधारण २० ग्रॅम सरस आणि ८ ते १० ग्रॅम तुरटी. सरस रात्रभर भिजवा, मंद आचेवर विरघळवा, उकळू देऊ नका. उकळला की त्याची पकड जाते. तुरटी वेगळ्या पाण्यात विरघळवून शेवटी घाला. दोसा कमी पडला तर रेघेभोवती रंग पसरतो आणि कागदाला लव सुटते. जास्त झाला तर रंग आत शिरतच नाही, आणि जादा तुरटीनं कागद काही वर्षांत ठिसूळ होतो.

ओलावा : एकाआड एक कागदाला पाण्याचा रुंद कुंचा मारा, गठ्ठा करा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून वजनाखाली रात्रभर ठेवा. सकाळी कागद गालाला थंड लागला पाहिजे, ओला लागता कामा नये.

छाप : ठशावर रंग ठेवा, शेजारी भाताच्या खळीचा छोटा थेंब, मग घोड्याच्या केसांच्या ब्रशनं एकत्र पसरवा. शेवटचे हात तंतूंच्या दिशेनं आणि हलके. कागद केंतोला लावा आणि बारेननं घासा. बारेन म्हणजे बांबूच्या सालीच्या पिळलेल्या दोरीची चकती, वरून सालीचंच वेष्टण. जोर मनगटातून नाही, खांद्यातून.

बिघाड ओळखायला : तिळासारखे पांढरे ठिपके आले तर कागद कोरडा आहे किंवा दाब कमी आहे. ब्रशच्या रेघा उमटल्या तर खळ जास्त. रंग ढगाळ, डागाळलेला आला तर खळ कमी. रेघेच्या कडेला काळी किनार जमली तर रंग जास्त किंवा ब्रश फार ओला.

मोरपीस

आणि ते आभाळाच्या वरच्या टोकाला गडद होऊन खाली विरत जाणारं निळं?

ठसेकर

ती बोकाशी. तिच्यासाठी ठशावर काहीच कोरलेलं नसतं, ठसा सपाटच असतो. ओल्या फडक्यानं जिथे रंग विरायला हवा ती जागा ओली करायची, ब्रशच्या एकाच टोकाला रंग घ्यायचा आणि आडव्या दिशेनं पुढेमागे फिरवायचं. रंग पाण्यात विरत जातो. गडद हवं तर तोच प्रकार दोनदा. प्रत्येक कागदासाठी हे नव्यानं करावं लागतं, म्हणून दोन प्रतींची बोकाशी कधीच तंतोतंत सारखी नसते.

भिंगवाला

आणि म्हणूनच प्रत आधीची की नंतरची हे तिच्यावरून कळतं. पहिली खेप साधारण २०० प्रतींची धरत. ती चित्रकाराच्या नजरेखाली निघे. चित्र चाललं की पुढच्या खेपांत प्रकाशक खर्च वाचवायला एखादी बोकाशी गाळायचा, रंग कमी करायचा. लाटेच्या बाबतीत डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातली शीर्षकाची चौकट बघा. ठसा झिजत गेला तशी तिची रेघ तुटत गेली.

विकत घेताना : दहापट भिंगाखाली रंगाच्या जागी छोट्या ठिपक्यांची जाळी दिसली तर ती ऑफसेट छपाई, विषय संपला. कागद उलटा करा. रंग मागे मुरलेला आणि बारेनचे गोलाकार घासे दिसत असतील तर हाताचं काम. पण हाताचं म्हणजे जुनं असं नाही. मेजी काळात (१८६८-१९१२) आणि पुढे विसाव्या शतकात नव्यानं कोरून काढलेल्या भरपूर प्रती आहेत, काही तर फार उत्तम. तिथे रेघेची तुलना एखाद्या मोठ्या संग्रहालयाच्या प्रतीशी करावी लागते.

कुंचलेवाला

हे सगळं मनापासून आवडलं, पण मग ‘स्वतः रेखाटा, स्वतः कोरा, स्वतः छापा’ म्हणणाऱ्या विसाव्या शतकातल्या जपानी चित्रकारांचं काय? यामामोतो कानाएचा ‘कोळी’ (मासेमार) १९०४ चा. मुनाकाता शिकोला १९५६ मध्ये व्हेनिसला छापचित्राचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्यांनी तर कामाची वाटणीच नाकारली.

रेघोटी

बरोबर, आणि ती कल्पना त्यांना युरोपातून मिळाली. तर उलट दिशेनं युरोपात फ्रेंच चित्रकार आँरी रिव्हिएरनं फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताची दृश्यं जपानी पद्धतीनं स्वतः कोरून छापली. अमेरिकन चित्रकार मेरी कसाटनं १८९० मध्ये पॅरिसमधलं जपानी छापचित्रांचं मोठं प्रदर्शन पाहिलं आणि पुढच्या वर्षभरात १० रंगीत छापचित्रं केली. पण लाकडात नाही, तांब्याच्या पत्र्यांवर, ड्रायपॉइंट (सुईनं ओरखडलेल्या रेघा) आणि ॲक्वाटिंटनं (आम्लानं आणलेला दाणेदार पोत), प्रत्येकी २५ प्रती. सपाट रंग पत्र्यावर आणायला तिला फार झगडावं लागलं असणार, कारण ॲक्वाटिंटचा दाणा रंगाला सहज सपाट होऊ देत नाही. व्हॅन गॉगनं हिरोशिगेचा कामेइदोचा आलुबुखाराचा बाग १८८७ मध्ये चौकडी आखून ट्रेस केला. तो ट्रेसिंगचा कागद अजून ॲमस्टरडॅमला आहे. याला मी ‘प्रभाव’ म्हणणार नाही, हा अभ्यास आहे.

निळावंती

अगदी. आणि त्यांनी ज्याचा अभ्यास केला त्यात युरोप आधीच मुरलेला होता. ओकुमुरा मासानोबूची १७४० च्या आसपासची नाट्यगृहांची चित्रं पाहा : छत, खांब, सगळं एका बिंदूकडे धावतंय. शिबा कोकाननं १७८३ मध्ये ताम्रपत्रावर एचिंग (आम्लानं रेघा कोरणं) केलं. होकुसाईनं हे दूरदृश्य पचवलं, म्हणून लाटेत फुजी इतका लहान आणि इतका लांब बसला.

लेणीप्रेमी

मग स्थान कुठे? मला तरी हे एका देशाच्या कप्प्यात बसवता येत नाही. नागासाकी, चीनमधलं सूझोऊ, बर्लिन, एदो, पॅरिस हे एकच जाळं आहे, आणि उकियो-ए त्याच्या मधोमध आहे.

मोरपीस

शिकवायचं झालं तर क्रम काय ठेवावा? वर्गात तासच दोन मिळतात.

रेघोटी

पहिल्या तासाला पॅरिसचं नाव काढू नका. एकाच चित्राची पहिल्या खेपेची आणि नंतरच्या खेपेची प्रत शेजारी दाखवा, मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर दोन्ही मिळतात. मुलांना फरक शोधू द्या. मग हारुनोबू, शाराकू, होकुसाई, हिरोशिगे. दुसऱ्या तासाला कोरिनचा एक पडदा आणि कसाटचं एक छापचित्र, आणि रंगाच्या सपाटीवर चर्चा. जमलं तर छोटा दोन रंगांचा ठसा प्रत्यक्ष छापून दाखवा. केंतो एकदा हातानं लावला की बाकीचं सांगावं लागत नाही.

शाईचा डाग

ठसेकर, शेवटची शंका. मुंबईच्या पावसाळ्यात तो दमट गठ्ठा रात्रभर ठेवला की बुरशी धरणार नाही?

ठसेकर

एका रात्रीत सहसा नाही, दोन-तीन दिवसांत नक्की. काम लांबणार असेल तर गठ्ठा प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून फ्रिजमध्ये ठेवा, फार लांबलं तर फ्रीजरमध्ये. वापरायच्या आधी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर बाहेरची वाफ वरच्या कागदावर जमून डाग पडतात. खळ मात्र रोज ताजी करा, कालची खळ कितीही चांगली दिसली तरी टाकून द्या. छापून झालेल्या प्रती पुठ्ठ्यांच्या मध्ये, वजनाखाली वाळवा आणि पुठ्ठे दिवसातून दोनदा बदला. दोरीवर टांगून वाळवल्या तर कागद वाकडा होतो.

शाईचा डाग

नोंद केली. हळदूची फळी शोधायला लागतो.